थप्पीत हरवलेली पोती

गोदामातला माल हरवतो, तेव्हा तो बहुतेक वेळा गोदामाबाहेर गेलेलाच नसतो. पोते चार भिंतींच्या आत असते; वही सांगते त्या जागी मात्र ते नसते. चोरीला गेलेला, उंदरांनी फोडलेला किंवा ओल लागून फेकून दिलेला माल हा वेगळा प्रकार. त्याला तूट म्हणतात आणि तिचा हिशेब खर्ची टाकून मिटवता येतो. जागा चुकलेला माल शाबूत असतो, त्यात पैसा अडकलेला असतो, पण ज्या दिवशी गरज पडते त्या दिवशी तो हाती लागत नाही. गिऱ्हाइकाला नकार द्यावा लागतो किंवा चढ्या भावाने नवी खरेदी करावी लागते. दोन महिन्यांनी तोच माल एखाद्या थप्पीमागून निघतो, तेव्हा त्याची प्रत उतरलेली असते.

हा दोष फक्त लहान गोदामांचा नाही. निकोल डीहोरेशियस आणि अनंत रामन या संशोधकांनी अमेरिकेतल्या एका किरकोळ विक्री साखळीच्या ३७ दुकानांतील सुमारे ३,७०,००० साठानोंदी तपासल्या. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ६५ टक्के नोंदी प्रत्यक्ष साठ्याशी जुळल्या नाहीत. या दुकानांत संगणक होते, तरीही हे घडले. संगणक असला म्हणजे नोंद खरी असते असे नाही. आत जे लिहिले गेले तेच तो सांगतो.

वखार आणि कोठार

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या किनाऱ्याला हा विषय नवा नाही. वेंगुर्ल्यात डच वखारीचे अवशेष आजही उभे आहेत. विजापूरच्या आदिलशाहीच्या परवानगीने डच ईस्ट इंडिया कंपनी १६३७ साली इथे स्थिरावली. गोव्याची सागरी कोंडी करणाऱ्या डच जहाजांना पाणी आणि शिधा वेंगुर्ल्यातून मिळे. त्यामुळे ही वखार व्यापाराची जागा होती आणि आरमाराचे कोठारही. ‘वखार’ हा शब्द मराठीत असा रुजला की १९५७ साली राज्याने सार्वजनिक गोदामांसाठी महामंडळ काढले, त्याच्या नावातही तोच आला.

मालवणच्या बंदरासमोर कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सिंधुदुर्ग किल्ल्याची पायाभरणी झाली. पावसाळ्यात खवळलेला समुद्र ओलांडून अशा जलदुर्गावर रसद पोहोचवणे अवघड. त्यामुळे कोठारात काय आहे, किती आहे आणि ते हाताशी आहे का, यावर किल्ल्याचा जीव. मराठ्यांच्या गडव्यवस्थेत हवालदार, सबनीस आणि कारखानीस हे वेगवेगळे अधिकारी असत. गडाचे दरवाजे आणि किल्ल्या हवालदाराच्या ताब्यात, हजेरी आणि जमाखर्च सबनिसाकडे, धान्य आणि साहित्याचा साठा कारखानिसाकडे. एकाच माणसाच्या हाती किल्ली, वही आणि माल तिन्ही न देण्याचे हे तत्त्व आजच्या गोदामातही पहिल्या धड्यात येते. याच तत्त्वामुळे चोरीला आळा बसतो आणि चूकही लवकर उघडकीला येते, कारण एकाच्या चुकीची दुसऱ्याच्या कागदाशी गाठ पडते.

काजू बीचे गोदाम

या जिल्ह्यात माल हरवण्याचा प्रश्न नीट समजून घ्यायचा तर काजू बीचे गोदाम पाहावे. पोर्तुगिजांनी ब्राझीलमधून आणलेले हे झाड आता कोकणच्या कातळाचे झाले आहे. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने वेंगुर्ला-१ पासून पुढच्या जाती दिल्या, आणि २०१६ साली वेंगुर्ला काजूला भौगोलिक मानांकन मिळाले. साठ्याच्या दृष्टीने काजूचा स्वभाव अडचणीचा आहे. बी येते मुख्यतः मार्च ते मे या तीन महिन्यांत, आणि कारखाना चालतो वर्षभर. त्यामुळे पावसाळा तोंडावर असताना गोदाम छतापर्यंत भरते. नेमक्या त्याच धांदलीत माल उतरवून घेताना चुका होतात आणि पुढचे दहा महिने त्या थप्प्यांच्या पोटात लपून राहतात.

दुसरी अडचण अशी की वेगवेगळ्या काजूंची पोती बाहेरून सारखीच दिसतात. वेंगुर्ला-४ जातीची बी सरासरी पावणेआठ ग्रॅमच्या आसपास भरते, वेंगुर्ला-७ ची सुमारे दहा ग्रॅम. म्हणजे पहिलीच्या एका किलोत साधारण १३० बिया, तर दुसरीच्या किलोत १००. गावठी बी याहून बारीक. बी वाफवल्यानंतर तिचे टरफल कापताना पाते बीच्या आकारानुसार लावावे लागते. मोठ्या बीच्या थप्पीत बारीक बीची वीस पोती चुकून लागली, तर गर अखंड निघण्याऐवजी त्याची पाकळी होते, तुकडा होतो, आणि भाव कोसळतो. पोती हरवली नाहीत, मोजणीतही बरोबर आली, तरी मालकाचे नुकसान झाले. जागा चुकण्याचा हा सर्वांत महाग प्रकार.

प्रक्रियेनंतर प्रश्न रूप बदलतो. गराची प्रतवारी एका पौंडात किती नग बसतात त्यावरून होते. डब्ल्यू-१८० म्हणजे मोठा गर. त्यानंतर डब्ल्यू-२१०, डब्ल्यू-२४०, डब्ल्यू-३२० असे क्रमाने बारीक होत जातात. निर्यातीचा ठरलेला डबा २५ पौंडांचा, म्हणजे ११.३४ किलोचा. सगळे डबे एकाच आकाराचे आणि एकाच पत्र्याचे असतात. फरक सांगतो तो फक्त वरचा शिक्का. शिक्का चुकला की डबा रांगेत उभा असूनही हरवला.

हरवण्याचे सहा प्रकार

वही आणि माल जुळत नाहीत, तेव्हा कारण बहुधा सहांपैकी एक असते, आणि कोणते ते ओळखल्याशिवाय शोध सुरू करणे म्हणजे हमालांची दिवसभराची मजुरी वाया घालवणे.

पहिला प्रकार, माल जागेवर आहे पण नोंद चुकली. पोती तिसऱ्या थप्पीला लागली, लिहिणाऱ्याने चौथी लिहिली. दुसरा प्रकार, नोंद बरोबर होती पण माल नंतर हलला. छत गळू लागले म्हणून रात्री वीस पोती पलीकडे सरकवली आणि सकाळी ते लिहायचे राहिले. कोकणात जुलै महिन्यात हे हमखास घडते. तिसरा, ओळख चुकली. जात, प्रत किंवा लॉट क्रमांक भलताच लागला. चौथा, एकक चुकले. एकाने पोती मोजली, दुसऱ्याने किलो लिहिले. एकाने डबे मोजले, दुसऱ्याने दोन डब्यांची पेटी.

पाचवा प्रकार वेळेचा. माल ना या जागी ना त्या जागी, तो वाटेत असतो: अंगणात वाळत, वजनकाट्यावर, नमुना म्हणून तपासणीला गेलेला, परत आलेल्या ट्रकमध्ये. सहावा प्रकार तुटीचा, म्हणजे माल खरोखर गेला.

तूट आणि सुकवणीतली घट यांची गल्लत तर नेहमीची. समजा, ८० किलोची ५०० पोती ओली बी आली, म्हणजे ४०,००० किलो. तिच्यात ओलावा १२ टक्के होता आणि साठवणीसाठी ती ८ टक्क्यांपर्यंत वाळवली. सुका भाग तेवढाच राहतो, पाणी उडते. वजन उरते सुमारे ३८,२६० किलो. म्हणजे जवळपास २२ पोत्यांइतके वजन कमी झाले आणि एक दाणाही कुठे गेला नाही. ओलाव्याची नोंद न ठेवणाऱ्या गोदामात या २२ पोत्यांचा आळ राखणदारावर येतो. उलट, खरोखर २२ पोती गेली असतील तर तीही ‘सुकवण’ म्हणून पचतात. म्हणून आवक नोंदताना पोती, वजन आणि ओलावा असे तिन्ही आकडे लिहावे लागतात.

माग काढण्याचा क्रम

शोधाचा पहिला नियम असा की आधी हालचाल थांबवावी. एकीकडे मोजणी आणि दुसरीकडे ट्रक भरणे चालू असेल तर मोजलेला आकडा कोणत्याच क्षणाचा नसतो. संपूर्ण गोदाम बंद ठेवणे परवडत नसेल तर निदान संशयित लॉट आणि त्याच्या शेजारच्या थप्प्या यांवर टाच आणावी.

त्यानंतर वही उलटी वाचायची. आजपासून मागे जात त्या मालाची शेवटची खरी ठरलेली नोंद कोणती, ते शोधायचे. ‘खरी ठरलेली’ म्हणजे ज्या दिवशी कोणी प्रत्यक्ष मोजले किंवा त्यातून माल काढला आणि काही कमी पडले नाही. चूक त्या दिवसानंतरच्या हालचालींत आहे, आधीच्या नव्हे. सहा महिन्यांचा शोध अशा रीतीने अनेकदा चार-पाच चलनांवर येऊन थांबतो.

तिसरी पायरी अंकांची. जुन्या मुनिमांना ठाऊक असलेली एक खूण आजही उपयोगी पडते: दोन आकड्यांतला फरक नऊने निःशेष भागला जात असेल, तर अंकांची अदलाबदल झाल्याचा संशय घ्यावा. ५४ ऐवजी ४५ लिहिले की फरक ९. ३१२ ऐवजी १३२ लिहिले की फरक १८०. जागेच्या क्रमांकालाही हे लागू पडते. माल १२ क्रमांकाच्या जागी नसेल तर २१ आधी पाहावी.

चौथी पायरी जोडीदार शोधण्याची. जागा चुकलेला माल एका ठिकाणी कमी दिसतो म्हणजे दुसरीकडे तेवढाच जास्त असलाच पाहिजे. एका लॉटात १८ पोती कमी आणि दुसऱ्यात १८ जास्त निघाली, तर बहुधा शोध संपला. म्हणून तुटीची यादी जेवढ्या काळजीने पाहिली जाते, तेवढ्याच काळजीने वाढीची पाहिली पाहिजे. प्रत्यक्षात वाढीव माल सापडला की सगळे खूश होतात आणि नोंद दुरुस्त करून मोकळे होतात. त्याच क्षणी दुसऱ्या मालाचा माग पुसला जातो.

यानंतरच पायांनी शोध. त्याचाही क्रम ठरलेला असतो: नोंदीतली जागा, तिच्या वर-खाली आणि दोन्ही बाजूंना, मग सारख्या दिसणाऱ्या मालाच्या थप्प्या, मग कागदावर रिकाम्या असलेल्या जागा, मग दरवाजाजवळचे, काट्याजवळचे, जिन्याखालचे ‘तात्पुरते’ कोपरे. कागदावर रिकामी जागा प्रत्यक्षात भरलेली निघणे, हा सर्वांत स्वस्त शोध, कारण ते नुसत्या नजरेने कळते.

काजूच्या कारखान्यात आणखी एक वाट आहे, ती उताऱ्याची. शंभर किलो बीतून साधारण २८ किलो गर निघतो असे धरले, तर ८० किलोच्या पोत्यातून सुमारे २२.४ किलो गर मिळायला हवा, म्हणजे जवळजवळ दोन डबे. शंभर पोती कापली गेल्याची नोंद आहे आणि डबे १६० च्या आसपासच भरले, तर एकतर बी हलकी होती, नाहीतर शंभर पोती कापलीच गेली नाहीत. उरलेली वीसेक पोती कापणी विभागाच्या दारात उभी असण्याची शक्यता मोठी असते.

पत्ता, चिठ्ठी, स्कॅनर

हिशेबाच्या साध्या वहीला दोन गोष्टी ठाऊक असतात: माल कोणता आणि किती. ‘कुठे’ हा तिसरा रकाना गोदाम व्यवस्थापन प्रणाली जोडते, आणि तिचे सारे सामर्थ्य त्या रकान्यात आहे. पण तो भरायचा तर गोदामात आधी पत्ते हवेत. दालनाला अक्षर, थप्पीला क्रमांक, मांडणी असेल तर कप्प्याला क्रमांक. हे पत्ते जमिनीवर रंगाने आखून भिंतीवरही लिहिलेले असावेत, कारण थप्पी उभी राहिली की जमिनीवरची खूण तिच्याखाली जाते. एका पत्त्यावर एकच लॉट, हा त्याचा जोडनियम. जागा कमी पडते म्हणून दोन लॉट एका थप्पीत घातले की वाचलेली जागा पुढे शोधण्यात दुप्पट वसूल होते.

दुसरा घटक चिठ्ठी. दुकानात बारकोड पहिल्यांदा वाचला गेला तो २६ जून १९७४ रोजी, अमेरिकेतल्या ट्रॉय गावी, च्युइंगमच्या पाकिटावर. तागाच्या गोणीवर त्याची वाट तेवढी सोपी नाही. डिंक तागाला धरत नाही, धुळीने रेषा झाकल्या जातात, आणि उष्णतेने छापणाऱ्या साध्या कागदावरचा ठसा कोकणच्या उन्हाळ्यात काळवंडतो. त्यामुळे पोत्याच्या तोंडाला शिवलेली, शाईफितीने छापलेली प्लास्टिकची चिठ्ठी टिकते. रेडिओ लहरींवर चालणाऱ्या टॅगना समोर धरून वाचण्याची गरज नसते, पण धातू लहरी परतवतो आणि पाणी त्या शोषते; पत्र्याच्या डब्यांच्या रांगेत ते गोंधळतात.

तिसरा घटक म्हणजे नोंदीची वेळ. माल हलवल्यावर संध्याकाळी एकदम वीस नोंदी करणे, ही साठा बिघडवण्याची खात्रीची रीत. स्कॅनर असलेल्या गोदामात हमालाने पोते ठेवताना आधी पोत्याची चिठ्ठी आणि मग जागेची पाटी स्कॅन करायची असते. काही ठिकाणी जागेच्या पाटीवर एक आडवातिडवा तपासणी आकडा लिहिलेला असतो. तो क्रमाने येत नसल्याने अंदाजाने सांगता येत नाही; त्या जागेसमोर उभे राहूनच वाचावा लागतो. पावसाळ्यात वीज गेली, नेटवर्क गेले, तर छापील तक्ता आणि पेन्सिल तयार हवी, आणि वीज आल्यावर त्या नोंदी कोणी चढवायच्या ते आधी ठरलेले हवे.

एकेका नगाला क्रमांक देण्यापर्यंत हा विचार गेला की काय होते, ते देवगडच्या हापूसवर दिसते. देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामात आंब्यावर स्वतंत्र क्रमांकाचा शिक्का आणला. हेतू बनावट देवगड हापूस ओळखण्याचा, पण तत्त्व तेच: वस्तू स्वतःची ओळख स्वतःबरोबर घेऊन फिरते. काजू बीच्या बाबतीत दाण्याला क्रमांक देणे अशक्य आणि अनावश्यक. तिथे पोते किंवा लॉट हाच नग मानावा लागतो.

मोजणी आणि दुरुस्ती

थप्पी मोजण्याची रीत गुणाकाराची: लांबीला आठ पोती, रुंदीला पाच, उंचीला दहा थर, म्हणजे ४००. हा गुणाकार तेव्हाच खरा, जेव्हा थप्पी आतून भरीव असते. मधली पोती काढून कडा तशाच ठेवलेली पोकळ थप्पी बाहेरून ४०० चीच दिसते. म्हणून मोजणाऱ्याने थप्पीच्या माथ्यावर चढून मध्यभाग पाहावा लागतो, आणि थप्पी व भिंत यांत माणूस फिरेल एवढी वाट ठेवावी लागते. ही वाट हवा खेळण्यासाठीही लागते.

मोजणाऱ्याला वहीतला आकडा सांगू नये, हा दुसरा नियम. ३९८ असायला हवेत हे ठाऊक असलेला माणूस ३९८ मोजतो. दोघांनी वेगवेगळे मोजावे. आकडे जुळले नाहीत तर तिसऱ्याने. वर्षातून एकदा सगळे मोजण्याऐवजी रोज थोडे मोजण्याची पद्धत अधिक उपयोगी, कारण चूक ताजी असताना तिचे कारण लोकांच्या आठवणीत असते. महाग आणि वारंवार हलणारा माल दर आठवड्याला, मधला महिन्याला, स्वस्त आणि पडून असलेला तिमाहीला, अशी वाटणी करतात. डब्ल्यू-१८० चे डबे पहिल्या वर्गात, रिकामे बारदान शेवटच्या.

मोजणीनंतर नोंद दुरुस्त करताना नुसता आकडा बदलणे घातक. दुरुस्तीबरोबर कारण लिहायचे, वरच्या सहा प्रकारांपैकी एक, आणि मंजुरी दुसऱ्याने द्यायची. वर्षभराच्या कारणांची बेरीज केली की गोदामाचा रोग समजतो. ‘माल हलवला, नोंद राहिली’ हे कारण जुलैमध्येच दाटीने आले, तर दुरुस्ती संगणकाची नव्हे, छपराची करायची असते.

तारण ठेवलेला माल

माल दुसऱ्याचा असतो तेव्हा जागा चुकणे हा घरगुती गोंधळ राहत नाही. राज्याच्या कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून चालू आहे आणि काजू बीचाही तिच्यात समावेश आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवून शेतकऱ्याला किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, ६ टक्के व्याजाने, १८० दिवसांसाठी मिळते. हंगामात पडलेल्या भावाला बी न विकता भाव सुधारेपर्यंत थांबण्याची ही सोय. गोदाम विकास व नियमन कायदा २००७ चा; त्याखाली नोंदलेल्या गोदामांची पावती आता इलेक्ट्रॉनिक स्वरूपात हस्तांतरित करता येते. म्हणजे पोते जागचे न हलता त्याचा मालक बदलू शकतो. अशा वेळी पावती हाच माल असतो. पावतीवरचा लॉट दुसऱ्या शेतकऱ्याच्या लॉटात मिसळला, तर वजन बरोबर भरूनही एकाची जाडी बी दुसऱ्याच्या नावावर जाते. त्यामुळे तारणाचा माल स्वतंत्र थप्पीत, स्वतंत्र पाटीखाली ठेवणे ही कर्जाइतकीच महत्त्वाची अट आहे.

पूर्ण मोजणीला सिंधुदुर्गात एक नैसर्गिक मुहूर्त आहे. फेब्रुवारीअखेर जुनी बी संपत आलेली असते आणि नवी अंगणात आलेली नसते. त्या आठ-दहा दिवसांत गोदाम जवळपास रिकामे असते, जमिनीवरचे पत्ते पुन्हा रंगवता येतात, आणि वर्षभर न सापडलेली पोती शोधायला एकही थप्पी हलवावी लागत नाही. मार्चमध्ये पहिला ट्रक दारात लागला की ही संधी पुढच्या वर्षीच येते.